बाणवाल्यांचा निळा कोट

कॉलेजच्या ऑफिसात दाखल्यांची एक खिडकी होती आणि त्या खिडकीमागे बावीस वर्षं एकच चेहरा होता. त्या चेहऱ्याला सगळे बाणवाले म्हणत. आडनाव नव्हे हो ते. खरं आडनाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच पडून होतं. दाखला मागायला आलेल्या मुलीला बाणवाले आधी 'उद्या या' म्हणत आणि मग अर्ज वाचत. पण मुलींच्या बास्केटबॉलचा सामना असला की खिडकी तीनच्या ठोक्याला बंद. काचेवर स्वहस्ते लिहिलेली पाटी लागायची: 'अधिकारी सामन्यावर आहेत.' कारकून सामन्यावर आहेत असं लिहिलं असतं तर कुणी दगड मारणार नव्हतं. पण नाही.

सामन्यावर अधिकाऱ्यांचं काम काय, तर बाण फिरवायचा. नियम असा, की दोन्हीकडच्या मुलींनी एकाच वेळी चेंडू घट्ट धरला आणि कुणीच सोडेना, तर पंच शिट्टी वाजवतो आणि दोन्ही अंगठे वर करतो. मग चेंडू कुणाला द्यायचा ते टेबलावरचा बाण सांगतो. बाणाचं टोक ज्या बास्केटकडे, त्या बास्केटवर चढाई करणाऱ्या संघाचा चेंडू. त्यांना दिला की बाण फिरवायचा, पुढची पाळी दुसऱ्यांची. पहिलं सत्र सोडलं तर प्रत्येक सत्राची सुरुवातही बाण बघूनच होते. सगळ्या सामन्यात मिळून आठ-दहा वेळा मनगट हलवायचं, एवढाच सगळा पराक्रम. एवढ्याला वेगळा माणूस कशाला लागतो असं तुमच्या मनात आलं असेल, तर ते मनातच ठेवा. बाणवाल्यांसमोर एका नव्या प्राध्यापकाने ते बोलून दाखवलं होतं. त्याच्या अनुभवाच्या दाखल्याला सात महिने लागले.

खोच होती ती मध्यंतरात. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, डावीकडे चढाई करणारे उजवीकडे जातात. म्हणून चेंडू कुणालाही दिलेला नसताना बाण एकदा फिरवावा लागतो. नवखा माणूस हमखास इथे घसरतो. बाणवाले एकदाही घसरले नव्हते. मध्यंतरात टेबलावरचे बाकीचे पाणी प्यायला उठत, आणि हे बाण फिरवून त्यावर तळवा ठेवून बसून राहत. जणू कुणी येऊन तो पळवणार होतं. बाणही त्यांचा स्वतःचा, सागवानी, लाल रंगाचा, घरी बसून तासलेला. त्याच्या खिळ्याला ते शिलाई मशीनचं तेल घालत आणि त्याला जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून नेत. थंडीत बायको म्हणायची, "अहो, बाही त्याला आणि गारठा तुम्हाला."

आता त्यांचं दुःख ऐका. दरवर्षी साखळी सामने संपले की आठ संघांची बाद फेरी व्हायची. त्या फेरीच्या अंतिम सामन्यात टेबलावर बसणाऱ्यांना समितीकडून निळा कोट मिळायचा. मिळायचा म्हणजे घालायला मिळायचा, सामना झाला की काढून परत द्यायचा. पितळी बटणं, खिशावर चेंडूचं चित्र. एकूण तीन कोट, तिन्ही एकाच मापाचे, त्यामुळे कुणालाच नीट बसत नसत. या कोटासाठी बाणवाल्यांनी बावीस वर्षं जीव टाकला होता. पण उपांत्य फेरीपासून टेबलावर तटस्थ माणसं बसवायचा नियम होता. खेळणाऱ्या कॉलेजचा माणूस चालत नसे. आणि यांच्या कॉलेजच्या मुली भारी, उठल्यासुटल्या अंतिम सामन्यात. ज्या वर्षी त्या हरल्या, त्या वर्षी समितीत कुणाचा तरी मेहुणा निघाला. एकदा तर बाणवाल्यांचं नाव यादीत लागलं, आणि आदल्या दिवशी त्यांना गालगुंड झालं. या महिन्याच्या अखेरीला ते निवृत्त होणार होते, आणि पुढच्या वर्षीपासून टेबलावर विजेचा बाण येणार होता, बटण दाबलं की दिवा लागणारा. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

आणि यंदा कॉलेजच्या संघाची कर्णधार कोण? त्यांची सख्खी भाची.

तिच्या आई-वडिलांची नोकरी लांबच्या गावी, म्हणून ती तीन वर्षं मामा-मामीकडे राहून शिकत होती. हे शेवटचं वर्ष. बारीक अंगाची, केस कापलेली, गुडघ्यांवर कायम कसली तरी पट्टी. सामन्याच्या दिवशी बाहीत गुंडाळलेला बाण तीच आपल्या बॅगेत घालून न्यायची. घरी जेवताना मीठदाणी मधे ठेवून मामा तिला बाणाचे नियम शिकवायचा, आणि ती खरंच ऐकायची. संघातल्या मुली चेंडूकडे बघत, ही चेंडू आणि बाण दोन्हीकडे बघायची. "मामा, आजचा शेवटचा बास्केट बघितलास माझा?" असं घरी आल्यावर विचारायची. "बघितला ना, छान होता," असं मामा सांगायचा. साफ थाप. सामनाभर त्याची नजर पंचाच्या अंगठ्यांवर आणि बाणाच्या टोकावर. तीन वर्षांत भाचीचा खेळ त्याने बघितलाच नव्हता.

तर ही बाद फेरी लागली, आणि बाणवाल्यांना घोर लागला. संघ असाच जिंकत गेला तर कोट गेला. हे बोलणार कुणाला? बायकोला सांगायची सोय नव्हती, देवापुढे हात जोडूनही सांगायची सोय नव्हती. खिडकीमागच्या भिंतीवर त्यांनी आठ संघांचा तक्ता लावला आणि येता-जाता त्याच्यासमोर उभे राहू लागले. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही कॉलेजवरची माया. गडी हिशेब करत होता, की आपल्या पोरींना कोण पाडेल.

पाडणारा संघ एकच होता, नदीपलीकडच्या कॉलेजचा. त्यांची एक ताडमाड मुलगी होती, पण तिचा घोटा दुखावलेला. बाणवाले दोन बस बदलून त्यांच्या सरावाला गेले. "तुमच्या त्या उंच मुलीला जपा बरं का," असं त्यांच्या प्रशिक्षकाला सांगून स्वतःच्या घरातली मलमाची डबी देऊन आले. भाचीच्या कानावर हे आलं तेव्हा ती मामीला म्हणाली, "मामाचं मन किती मोठं आहे ग." मामी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढायची, दिवसभर लोकांना 'दिसतंय का' विचारायची. ती फक्त म्हणाली, "माझी मलमाची डबी कुठे गेली ते आत्ता कळलं."

उपांत्यपूर्व सामना घरच्या मैदानावर झाला. तोपर्यंत तटस्थतेचा नियम लागू नव्हता, म्हणून टेबलावर बाणवालेच होते. कॉलेजच्या मुली वीस गुणांनी जिंकल्या. सगळं कॉलेज नाचत होतं आणि हे सुतकी चेहऱ्याने बाण बाहीत गुंडाळत होते. "भरून आलंय त्यांना," असं कुणीतरी म्हणालं.

उपांत्य फेरी शहरातल्या मोठ्या बंदिस्त मैदानावर. पहिला सामना दुसऱ्या दोन संघांचा. त्यात बाणवाले टेबलावर बसले आणि एकही चूक केली नाही. तो संपल्यावर स्पर्धेच्या सचिवांनी त्यांना बाजूला घेतलं. सचिव स्पष्टवक्ते होते.

"दुसऱ्या सामन्यात तुमचं कॉलेज नदीपलीकडच्यांकडून हरलं, तर अंतिम सामन्याला बाणावर तुम्ही. जिंकलं, तर आमचे रसायनशास्त्राचे सर. या सामन्याला तेच बसतायत."

"म्हणजे मी काय इच्छा करू?" असं म्हणून बाणवाले हसले.

"ते तुमचं तुम्ही बघा," सचिव म्हणाले.

बाणवाले प्रेक्षकांत जाऊन बसले. टेबलाच्या बरोबर समोर, चौथ्या रांगेत. हातात काही नाही, त्यामुळे हातांचं काय करावं कळेना. समोर त्यांचाच बाण, आणि त्यावर रसायनशास्त्राच्या सरांची जाडजूड बोटं. सर मोबाइल बघत होते. तो अत्याचार बघवेना म्हणून बाणवाल्यांनी नजर वळवली, आणि नाइलाजाने खेळ बघितला.

आणि मग काय सांगावं, माणूस हरवलाच. आपली भाची, जी घरी चहाचा कप उचलून ठेवत नाही, ती त्या ताडमाड मुलीच्या बगलेखालून चेंडू घेऊन अशी निसटत होती, की ती मुलगी आपल्याच भोवती गिरकी घेऊन उभी राहायची. ओरडत नव्हती, हातवारे करत नव्हती. नुसती मान हलवली की चार मुली जागा बदलायच्या. तिने लांबून टाकलेला चेंडू जाळीतून गेला तेव्हा बाणवाले उभे राहिले. शेजारच्या परक्या माणसाला त्यांनी सांगितलं, "माझी भाची आहे." थोड्या वेळाने परत सांगितलं. त्यांना मनापासून अभिमान वाटला, आणि तीन वर्षं आपण काय बघत होतो याची लाजही वाटली. पहिली दोन सत्रं तो माणूस कोट विसरला होता. हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवा, कारण पुढे नोंदवण्यासारखं फारसं नाही.

मध्यंतर झालं. सचिवांच्या मागे दोरीवर तीन निळे कोट लटकत होते. धुऊन आले होते बहुतेक, वर पातळ प्लॅस्टिक. पंख्याच्या वाऱ्याने ते प्लॅस्टिक हलत होतं आणि आतली बटणं चमकत होती. बाणवाल्यांनी बघितलं. मग टेबलाकडे बघितलं. रसायनशास्त्राचे सर उठून पाणी प्यायला गेले, आले, बसले, मोबाइल काढला.

बाण फिरवला नव्हता.

मध्यंतराआधी पाळी भाचीच्या संघाची होती. आता बाजू बदलल्यावर तोच बाण नदीपलीकडच्या संघाकडे बोट दाखवत होता. बाणवाल्यांच्या उजव्या हाताचं मनगट आपोआप हललं. चार पायऱ्या उतरायच्या, टेबलाशी जायचं आणि म्हणायचं, 'सर, बाण'. एवढंच काम. लोकांनी बावीस वर्षांत त्यांना विचारल्या नव्हत्या अशा कितीतरी गोष्टी त्यांनी उठून सांगितल्या होत्या. पण आज ते बसून राहिले. आपण प्रेक्षक आहोत, त्यांनी स्वतःला सांगितलं. प्रेक्षकाने टेबलाच्या कामात ढवळाढवळ करू नये. हा नियम त्यांनी तिथल्या तिथे बनवला.

तिसरं सत्र त्या संघाच्या चेंडूने सुरू झालं. कुणाच्याही लक्षात आलं नाही. बाणाकडे कुणी बघत नाही अशी त्यांची जन्माची तक्रार होती, आज तीच कामी आली. चौथं सत्र उलटं भाचीच्या संघाच्या चेंडूने सुरू झालं. 'बघा, फिटंफाट झाली,' असं बाणवाल्यांनी मनाशी म्हटलं. पण फिटलेलं नव्हतं, पुढची पाळीही उलटीच जाणार होती, हे त्यांच्याइतकं त्या मैदानात कुणाला ठाऊक होतं?

शेवटचे अकरा सेकंद. भाचीचा संघ एका गुणाने मागे. चेंडू त्या ताडमाड मुलीच्या हातात, आणि भाचीने झेप घेऊन दोन्ही हातांनी तो धरला. दोघी जमिनीवर. कुणी सोडेना. पंचाने शिट्टी वाजवली आणि दोन्ही अंगठे वर केले.

सगळ्या मैदानाने बाणाकडे बघितलं. बाण नदीपलीकडच्या संघाकडे होता.

भाची उठली. तिने बाणाकडे बघितलं आणि तिच्या कपाळावर आठी आली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग पंचाला थांबवायला तिने हात अर्धा वर केला, आणि तसाच ठेवून प्रेक्षकांकडे वळली. चौथ्या रांगेत तिची नजर बरोबर येऊन थांबली.

बाणवाले बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती.

ते वर आले तेव्हा तिचा हात खाली गेला होता. त्या संघाने चेंडू आत टाकला, अकरा सेकंद इकडून तिकडे फिरवला, आणि संपलं.

घरी जेवायच्या टेबलावर ती गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती. डोळे सुजलेले. मामीने तीनदा ताट गरम केलं. मग ती म्हणाली, "मामा, मला ना, शेवटी वाटलं होतं की बाण उलटा आहे. मध्यंतराला फिरवला नाही असं वाटलं. मी पंचांना सांगणार होते."

बाणवाले पाणी पीत होते. ते पीतच राहिले.

"मग तुझ्याकडे बघितलं. तू बूट बांधत होतास. म्हटलं, बाण चुकला असता तर मामा बूट बांधत बसला असता का? म्हणजे मीच मोजायला चुकले." ती थोडं हसली. "मुली विचारत होत्या, हात वर करून खाली का घेतलास. मी सांगितलं, आमचे मामा होते तिथे."

"होतं असं," बाणवाले म्हणाले. "घाईत मोजणी चुकते."

हे वाक्य त्यांनी शांतपणे उच्चारलं, आणि त्या रात्री त्यांना झोपही लागली. माणसाला झोप लागते.

अंतिम सामन्याच्या दिवशी मामीला दुकानातून सुट्टी मिळाली नाही. कोटातला फोटो हवाच, असं तिने बजावलं होतं. भाची आली. हरलेल्या संघाच्या कर्णधाराला तिथे यायला कुणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या मुली आल्या नाहीत, त्यांच्याच्याने बघवणार नव्हतं. ही मामासाठी आली, बाहीत गुंडाळलेला बाण बॅगेत घेऊन. कोटाच्या बाह्या मामाच्या बोटांपर्यंत येत होत्या. तिने त्या आतून दुमडून टाचण्या लावून दिल्या. फोटो काढला. "ताठ बस ना," म्हणाली.

बाणवाले ताठ बसले. असा बाण त्या मैदानावर कुणी फिरवला नसेल. टोक दोन्हीकडे अगदी सरळ, खिळ्याची करकर नाही. मध्यंतर झालं, आणि पंचांची पाठ वळायच्या आत त्यांनी बाण फिरवला, त्यावर तळवा ठेवला आणि मान वर केली. कुणी बघतंय का? वरच्या रांगेतून भाची बघत होती. तिने मान डोलावली. हा एकच क्षण त्यांना जरा जड गेला, पण कोट होता अंगावर.

सामना संपला. नदीपलीकडच्या मुलींनी करंडक उचलला. ती ताडमाड मुलगी वाटेत बाणवाल्यांना मलमाबद्दल 'थँक्यू' म्हणून गेली. खुर्च्या आवरायला सुरुवात झाली तेव्हा सचिव टेबलाशी आले. रसायनशास्त्राचे सरही होते, त्यांना कसल्या तरी कागदावर सही हवी होती.

"मानलं तुम्हाला," सचिव म्हणाले. "एकही चूक नाही."

इथे माणसाने नुसतं हसायचं असतं, कोट काढून द्यायचा असतो आणि घरी जायचं असतं. पण बावीस वर्षं ज्याला कुणी मानलं म्हटलं नाही, त्याला एकदा म्हटलं की तो थोडाच थांबतो? बाणवाल्यांनी पितळी बटण कुरवाळलं, रसायनशास्त्राच्या सरांकडे एक कटाक्ष टाकला आणि छाती पुढे काढली.

"याला नजर असावी लागते," ते म्हणाले. "आता परवाचंच घ्या. मध्यंतराला बाण फिरवलाच नव्हता यांनी. तिथून पुढे सगळ्या पाळ्या उलट्या. शेवटचा चेंडूसुद्धा आमच्या मुलींचा होता, गेला तिकडे. मी चौथ्या रांगेतून बघत होतो ना, एका क्षणात कळलं मला."

रसायनशास्त्राच्या सरांचा चेहरा उतरला. सचिवांनी घसा साफ केला आणि टेबलापलीकडे, बाणवाल्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं. बाणवाल्यांनी मान वळवली.

भाची मागे उभी होती. बाण न्यायला आली होती, हातात स्वेटरची बाही होती.

"म्हणजे मला बरोबर दिसलं होतं," ती म्हणाली.

कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे. आवाज चढला नव्हता. उलट तो जरा हलका झाला होता. चार दिवस ती स्वतःच्याच डोळ्यांना आणि बोटांना दोष देत होती, तेवढं तरी उतरलं.

"अगं, ते काय झालं..." बाणवाल्यांनी सुरुवात केली. सचिवांनी हात पुढे केला होता, कोटासाठी. बाह्यांमधल्या टाचण्या काढता काढता बाणवाल्यांच्या अंगठ्याला एक टोचली. भाचीने त्या सगळ्या गोळा केल्या, मोजल्या आणि डबीत भरल्या. मग बाण बाहीत गुंडाळला, बॅगेत ठेवला आणि दाराकडे चालू लागली. घरी जाईपर्यंत बसमध्ये ती त्यांच्या शेजारीच बसली होती. तिने खिडकी उघडून दिली, तिकीट काढलं, त्यांची पाण्याची बाटली धरली. एकदाही काही विचारलं नाही. काहीतरी विचार ग बाई, शिव्या दे हवं तर, असं बाणवाल्यांना वाटत होतं.

दार मामीने उघडलं. चष्मा कपाळावर सरकवून तिने दोघांकडे बघितलं, आधी त्यांच्याकडे, मग तिच्याकडे.

"कसं झालं मामाचं?" तिने विचारलं.

भाचीने चपला काढल्या, बॅगेतून बाण काढून जेवायच्या टेबलावर मीठदाणीशेजारी ठेवला आणि फोनमधला फोटो मामीपुढे धरला.

"एकही चूक झाली नाही," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.